भाड्याच्या घरातील न्हाणीघर

‘भाड्याचे घर, खाली कर’ ही म्हण आपल्या व्यापारी घरांत केवळ म्हण राहिलेली नाही. ती हिशेबाची एक रीत होऊन बसली आहे. जे आपल्या नावावर नाही, त्यात खिळाही ठोकायचा नाही. पडदे, भांडी, कपाटे यांवर खर्च करायला हरकत नसते, कारण ती उद्या टेम्पोत चढतात. भिंती, फरशी, नळ मात्र मालकाचे. त्यातही न्हाणीघराचा क्रमांक सर्वांत शेवटचा. तिथे पाहुणे बसत नाहीत, फोटो निघत नाहीत आणि दहा मिनिटांपलीकडे कोणी थांबत नाही. मग तिथे पैसा कशाला घालायचा?

ही रीत आपण दुकानाला मात्र कधी लावीत नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात आमच्या ह्यांची भुसार मालाची लहानशी पेढी आहे. तो गाळाही भाड्याचाच. पण तिथे फळ्या मारल्या, काउंटर केला, चांगले दिवे लावले, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून पुढे पत्रा टाकला. तेव्हा ‘दुसऱ्याच्या जागेत पैसा का घालता’ असे कोणी विचारले नाही. गाळा मालकाचा असला तरी त्यात येणारे गिऱ्हाईक आपले, हे सर्वांना कळत होते. राहत्या घराचा विचार त्याच न्यायाने केला, तर भिंती मालकाच्या असल्या तरी त्यांच्या आत वावरणारी माणसे आपलीच असतात.

हा विचार मला सुचला तो सासूबाईंमुळे. गावचा वाडा भावाभावांत वाटला गेल्यावर त्या आमच्याकडे बिबवेवाडीला राहायला आल्या. वय सत्तरीच्या पुढे, उजवा गुडघा कुरकुरणारा, पण स्वभाव असा की कोणाला काही मागायचे नाही. अनेक वर्षांपासून त्या चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही आणि सकाळी नवकारशी झाल्यावरच तोंडात पाणी. त्यांच्यासाठी मी रोज सकाळी दोन लिटर पाणी उकळून, निववून पितळेच्या कळशीत ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात दोनदा लघवीच्या जळजळीसाठी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे लागले. “पाणी कमी पडते आहे,” एवढेच डॉक्टर म्हणाले. घरात सर्वांना वाटले, चौविहारामुळे होत असेल. पण चौविहार त्या वाड्यातही पाळत होत्या आणि तिथे असा त्रास कधी झाला नव्हता. मी चार दिवस संध्याकाळी कळशीतले उरलेले पाणी मोजले. रोज सव्वा लिटरच्या आसपास उरत होते. म्हणजे दिवसभरात पाऊण लिटरही पाणी पोटात जात नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांच्या जवळ बसून मी विचारले, “आई, पाणी बेचव लागते का?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पाणी प्यायले की जावे लागते गं. त्या तुमच्या बाथरूममध्ये पाय ठेवायचा धसका बसलाय मला. ओल्या फरशीवर पाय सरकतो, धरायला काही नाही. तुम्हाला कशाला त्रास, म्हणून कमीच पिते.”

त्यानंतर मी न्हाणीघर त्यांच्या डोळ्यांनी पाहू लागले. साडेचार फूट रुंद आणि सात फूट लांब. न्हाणे आणि शौच एकाच जागी. पांढऱ्या गुळगुळीत फरशांवर बोअरच्या पाण्यातील क्षारांचा पिवळट थर. फरशांमधले सांधे काळे पडलेले, काही रिकामे. उतार असा की अर्धे पाणी जाळीकडे जाई आणि अर्धे कमोडच्या कडेला साचून राही. काचेच्या पट्ट्यांची खिडकी गंजून अर्धवट मिटलेली. दिवा इतका मंद की फरशी ओली आहे की कोरडी, हे उभ्या माणसाला दिसू नये. दारापाशी दोन इंचांचा संगमरवरी उंबरठा. आम्ही धडधाकट माणसे वर्षभर त्यातून ये-जा करीत होतो. एका वृद्ध बाईला ती दिवसातून सहा वेळा द्यावी लागणारी परीक्षा होती.

एका मिस्त्रीला बोलावले. त्याने फरशी उखडून नवा उतार, नव्या टाइल, नवे नळ असा अठ्ठेचाळीस हजारांचा आकडा सांगितला. ह्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “करार छत्तीस महिन्यांचा आहे, सोळा संपले. वीस महिन्यांसाठी दुसऱ्याच्या घरात एवढी रक्कम घालणे धंद्यात बसत नाही. आईला काय हवे ते कर, पण साडेसहा हजारांच्या वर जाऊ नकोस.” मला त्यांचे म्हणणे पटले. फरशी उखडणे हे भाडेकरूचे काम नव्हे. शिवाय सासूबाईंना नव्या टाइलशी देणेघेणे नव्हते. त्यांना दिसायला हवे होते, पाय ठरायला हवा होता आणि हात टेकायला काहीतरी हवे होते.

पहिले काम परवानगीचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. आमचा करार तसा होता आणि त्याला घरातील वस्तूंची यादीही जोडलेली होती. मी घरमालकांना एक पानी पत्र लिहिले. त्यात तीन रकाने केले: काय बसवणार, भिंतीला कुठे आणि किती छिद्रे पडणार, घर सोडताना काय काढून नेणार व काय पूर्ववत करणार. घरमालक आधी टाइलला छिद्र पाडू द्यायला तयार नव्हते. ह्यांनी त्यांना आईच्या गुडघ्याची गोष्ट सांगितली आणि छिद्रे आम्ही बुजवून देऊ, असे पत्रात लिहून दिले. तेव्हा त्यांनी सही केली. वर म्हणाले, “गिझरची वायरिंग जुनी आहे. ती तपासून घ्या, तो खर्च माझा.” इलेक्ट्रिशियनने अर्थिंग नीट केले आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. विजेची गळती होताच हे उपकरण प्रवाह तोडते. ओल्या जागेत विजेचे उपकरण वापरणाऱ्या प्रत्येक घरात ते असावे. लेखी विचारल्याचा हा लाभ मी अपेक्षिलेला नव्हता.

दुसरे काम स्वच्छतेचे. आपल्याकडे फरशी पिवळी पडली की ॲसिडची बाटली आणायची पद्धत आहे. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. क्षार जातात हे खरे, पण त्याबरोबर सांध्यांतले सिमेंटही खाल्ले जाते. सांधे पोकळ झाले की पाणी फरशीखाली उतरते. त्याचा वास छातीत बसतो. चुकून ते ब्लीचिंग पावडरशी मिसळले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. मी किराणा दुकानातले लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, वापरले. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घालून फरशीवर पसरले, वीस मिनिटे ठेवले आणि नायलॉनच्या ब्रशने घासले. एकदा केल्याने काम झाले नाही. तीन दिवस रोज केल्यावर थर सुटला. उंबरठ्यावर मात्र ते पडू दिले नाही. संगमरवर, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही दगड चुन्याचे. कोणतेही आम्ल, अगदी लिंबाचेही, त्यांची झिलई घालवते. तिथे साबणाचे पाणीच बरे.

मग सांधे. काळे पडलेले सांधे खरवडून काढले आणि त्यांत पांढरे सिमेंट भरले. ते घट्ट होईपर्यंत न्हाणीघर बंद ठेवावे लागते. एक दिवस आम्ही सर्वांनी शेजारच्या काकूंकडे आंघोळ केली. त्यांनी आग्रहाने नाश्ताही घातला, त्यामुळे मुलांना तो सणच वाटला.

तिसरे काम पाण्याचे. कोपऱ्यातल्या जाळीखाली जो वाकडा भाग असतो, त्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही तो ह्याच नावाने येतो. आपल्या न्हाणीचा शब्द तिथे जाऊन बसला आहे. त्या वाकात सुमारे पन्नास मिलिमीटर पाणी कायम उभे असते. ते पाणीच गटारातील दुर्गंधी आणि झुरळे यांना अडवणारे दार. आमच्या ट्रॅपची जाळी तुटलेली होती आणि आत केसांचा गोळा अडकला होता. तो काढला आणि झाकण असलेली नवी जाळी बसवली. झुरळे दिसेनाशी झाली. औषध फवारून त्यांना मारण्यापेक्षा त्यांची वाटच बंद करणे, हे जयणेच्या दृष्टीनेही उचित आणि खर्चाच्या दृष्टीनेही स्वस्त. परगावी जाताना मात्र ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून जावे. ते आटले की दार उघडे पडते.

नळ गळत होता. सेकंदाला साधारण एक थेंब. क्षुल्लक वाटते, पण दिवसाला ते शहाऐंशी हजारांवर थेंब होतात आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांहून अधिक पाणी जाते. आपण पाणी गाळून वापरतो, नळाच्या तोंडाला कापड बांधतो. त्याच नळातून रात्रभर पाणी वाया जावे, हे सासूबाईंना रोज टोचत होते. एका रबरी वायसरने आणि टेफ्लॉन टेपच्या दोन वेढ्यांनी ते थांबले.

साचणाऱ्या पाण्यावर उतार न बदलता एकच उपाय होता: आंघोळ झाली की ज्याने त्याने वायपरने फरशी कोरडी करायची. हा नियम मुलांना लावणे हे साऱ्या कामांतले अवघड काम ठरले. पण ओल राहिली नाही की शेवाळ आणि बुरशी धरतच नाही. मग ती घासून काढण्याचा प्रश्नही उरत नाही. सासूबाई मुलांना म्हणाल्या, “जीव उपजल्यावर जपण्यापेक्षा उपजूच न देणे सोपे.” त्यानंतर वायपर आपणहून हलू लागला.

चौथे काम पायांचे आणि हातांचे. बसायच्या जागी आणि कमोडसमोर भोके असलेल्या दोन रबरी चटया टाकल्या. त्या रोज उचलून उभ्या वाळवाव्या लागतात, नाहीतर त्यांच्याच खाली बुळबुळीतपणा येतो. उंबरठ्यावर खरखरीत पट्टी चिकटवली, तीही पिवळ्या रंगाची, म्हणजे पायाआधी डोळ्याला कळते. धरायला स्टेनलेस स्टीलचे दोन दांडे रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणले. हवेच्या दाबाने चिकटणारे प्लास्टिकचे दांडेही मिळतात आणि भाड्याच्या घराला ते सोयीचे वाटतात. पण माणसाचा भार पडला तर ते सुटू शकतात. ज्या आधारावर विश्वास टाकायचा, तो भिंतीत रुतलेलाच हवा. दांड्याची उंची पुस्तकातून घेतली नाही. सासूबाईंना आत उभे केले, बसायला आणि उठायला सांगितले आणि त्यांचा हात आपसूक जिथे भिंतीला टेकला, तिथे पेन्सिलने खूण केली. दांडे बसल्यावर ह्यांनी सगळा भार टाकून ते ओढून पाहिले. माल घेताना पोत्यात हात घालून पाहतात, तितक्याच गंभीरपणे.

पाचवे काम उजेडाचे आणि हवेचे. नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि रात्रीसाठी दाराबाहेर एक लहान दिवा. खिडकीच्या वरच्या काचपट्ट्या काढून त्या जागी प्लायवुडच्या तुकड्यात सहा इंची पंखा बसवला. काढलेल्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘न्हाणीघर’ असे लिहून माळ्यावर ठेवल्या आहेत. जाताना त्या परत बसतील. दाराच्या कडीचा प्रश्न नाजूक होता. पडल्या तर आत जाता यावे म्हणून कडी लावू नका, असे मी सुचवले. सासूबाईंनी ठाम नकार दिला. वय झाले म्हणून माणसाची लाज कमी होत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. अखेर आतून लागणारी, पण बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी कडी मिळाली. तिने त्यांचाही मान राहिला आणि आमचीही काळजी मिटली.

शेवटी देखणेपण. वरच्या तीन फूट भिंतीला फिकट पिवळा, बुरशी न धरणारा रंग मी आणि मुलीने एका रविवारी दिला. एक आरसा, एक मांडणी आणि बसून आंघोळ करण्यासाठी रबरी पायांचे स्टूल. वाड्यातून आलेले तांब्याचे घंगाळे सासूबाईंनी स्वतः घासून त्या स्टुलाशेजारी ठेवले.

आता हिशेब. लिंबूफूल, ब्रश आणि पांढरे सिमेंट 340 रुपये, वायसर, टेप, जाळी 210, दोन दांडे बसवणुकीच्या 400 रुपयांसह 1,650, चटया आणि पट्टी 720, पंखा बसवणुकीच्या 300 रुपयांसह 1,480, दिवे 190, रंग 460, आरसा आणि मांडणी 640, स्टूल 350, कडी 110. एकूण 6,150 रुपये. मी ही वही ह्यांच्यासमोर ठेवली तेव्हा त्यांनी लाल पेनाने तिचे दोन भाग केले. चटया, पंखा, दांडे, दिवे, आरसा, मांडणी, स्टूल हे सारे आमच्याबरोबर जाणार. मागे राहणार ती फक्त सफाई, सांधे, नळदुरुस्ती, रंग, कडी आणि मजुरी. त्याची बेरीज 1,820 रुपये. वीस महिन्यांनी भागले, तर महिन्याला 91 रुपये. दिवसाला तीन रुपये. “म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपण तीन रुपये रोज घालतो आहोत,” ते म्हणाले, “आणि आईच्या डॉक्टरांची एका वेळची फी पाचशे आहे.”

भाड्याच्या घरात राहणाऱ्या भगिनींना या अनुभवातून एवढेच सांगावेसे वाटते, की खर्च किती यापेक्षा आधी कोणता, हे ठरवावे. आरशापासून सुरुवात केली असती, तर पैसे तेवढेच गेले असते आणि सासूबाईंचे भय तसेच राहिले असते. आधी वीज, मग पाय आणि हात, मग उजेड, वारा, पाणी आणि सगळ्यांत शेवटी शोभा. मालकाला तोंडी न विचारता लेखी विचारावे. काढलेली प्रत्येक वस्तू जपून ठेवावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांना ‘काही हवे का’ असे विचारू नये. ‘नको’ हेच उत्तर येते. त्यांचा पाण्याचा तांब्या, त्यांची काठी, त्यांचे उठण्या-बसण्याचे मार्ग पाहावेत. मागण्या तिथे दिसतात.

आता आमच्या कळशीत संध्याकाळी पेलाभर पाणी उरते, कधी तेवढेही नाही. पावसाळा सरला, डॉक्टरांकडे त्या तक्रारीसाठी पुन्हा जावे लागलेले नाही. सासूबाई दुपारी आंघोळीचे कपडे स्वतः धुऊन, फरशी कोरडी करून बाहेर येतात आणि दिवा बंद करायला विसरत नाहीत.

परवा करार संपल्यानंतरचे बोलणे चालले होते. काय न्यायचे याची यादी मी वाचून दाखवीत होते. स्टीलच्या दांड्यांचे नाव येताच सासूबाई म्हणाल्या, “ते काढू नका. आपल्यानंतर जो येईल, त्याच्याही घरी कोणी म्हातारे असेल.” ह्यांनी काही न बोलता वही मागवली आणि 1,250 रुपये एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात लिहिले. मागे राहणारी रक्कम आता 3,070 रुपये झाली आहे.